चढाईत आवाज गेला

हे मी सकाळी लिहिते. दुपारचं जेवण झालं की माझ्या पापण्या जड होतात, आणि उन्हं कलली की एका ओळीच्या दोन ओळी दिसायला लागतात. म्हणून सकाळची गोळी घ्यायची, ती लागू पडेपर्यंत गप्प बसायचं आणि मग जमेल तेवढं लिहायचं, असं चाललंय.

लिहायला बसले त्याचं कारण साधं आहे. भोरला मी ज्या मैदानावर खेळायचे तिथे येणाऱ्या एका मुलीच्या आईने बाजारात माझ्या आईला गाठून विचारलं, "तुमच्या सारिकाला नक्की झालं तरी काय?" आईने सांगायला सुरुवात केली आणि मध्येच अडकली. शेवटी म्हणाली, "काय झालं म्हंजे... समदंच झालं." घरी आल्यावर तिने मला हे सांगितलं आणि म्हणाली, "तूच लिव्ह. मला न्हाई सांगता येत."

आमची वाडी हिर्डोशीच्या वरच्या अंगाला आहे. वडील मी शाळेत असतानाच गेले. घरात आई, मोठा भाऊ आणि मी. थोडं भात, थोडी नाचणी, दोन म्हशी. भाऊ शिवऱ्याला हायवेवर एका दुकानाचा टेम्पो चालवतो. मी कॉलेजसाठी भोरला खोली घेऊन राहायचे आणि कबड्डी खेळायचे. खेळायचे म्हणजे, दुसरं काही करतच नव्हते.

जत्रेतला सामना

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी एवढं सांगते. चढाई करणारीने समोरच्यांच्या अंगणात गेल्यापासून परत येईपर्यंत एका श्वासात, स्पष्ट, 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचं. त्याला आम्ही दम म्हणतो. दम तुटला की बाद. मी आमच्या संघाची चढाई करणारी होते. माझा दम लांब होता. आमचे सर म्हणायचे, हिच्या छातीत घाट आहे.

जत्रेच्या दिवशी उपांत्य सामना दुपारी झाला. मी एका चढाईत तिघींना बाद करून परत आले. अंतिम सामना दिवेलागणीला. पहिल्या दोन चढाया नीट गेल्या. पुढच्या चढाईला मी मध्यरेषा ओलांडली आणि माझ्या तोंडून 'कबड्डी' येईना. 'कमन्नी, कमन्नी' असं काहीतरी नाकातून यायला लागलं. समोरच्या कोपऱ्यातली पोरगी हसली. ती मला दोन दिसत होती, एकीच्या अंगावर दुसरी सरकल्यासारखी. मी एकीच्या खांद्यावर हात मारला, तिथे कुणीच नव्हतं.

पंचांनी शिट्टी वाजवली. "दम नाही. बाद."

बाहेर आले तर सरांचं तोंड लाल झालेलं. "चेष्टा वाटते का तुला ही?"

"सर, मला बोलता येईना," मी म्हणाले. तेही नाकातूनच आलं.

"बघ, परत तेच करतेय!" ते मनीषाकडे बघून म्हणाले. मनीषा आमची कोपरा सांभाळणारी, शिवऱ्याची, माझी खोलीतली सोबतीण. ती माझ्याकडे बघत राहिली.

आम्ही हरलो. गर्दीतून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "पोरगी फुटली." म्हणजे मी समोरच्या संघाला मिळाले होते. हे वाक्य नंतर कितीतरी दिवस माझ्या मागे भोरच्या बाजारातून चालत होतं.

सकाळची एसटी

तो सामना म्हणजे सुरुवात नव्हती. दिवाळीपासूनच भाकरी चावताना जबडा थकायचा. अर्ध्या भाकरीनंतर मी हनुवटीला हाताचा टेकू देऊन चावायचे. केस विंचरताना हात आपोआप खाली यायचे. हसायला गेलं की ओठांचे कोपरे वर जायचेच नाहीत, नुसते दात दिसायचे. आई म्हणायची, "हसतीस का फिसकारतीस गं?" ओळखीचे लोक म्हणायचे, पोरीला खेळाचा माज आलाय, तोंड वाकडं करून बघते.

सरावात तर अजून वाईट. सकाळी मी सगळ्यांच्या पुढे. संध्याकाळी पळता पळता गुडघ्यातून बसायचे. सर एकदा सगळ्या पोरींसमोर म्हणाले, "सकाळची सारिका वेगळी आणि संध्याकाळची वेगळी. संध्याकाळचीला घरीच ठेवून येत जा." पोरी हसल्या. मीही हसले, म्हणजे दात दाखवले.

जत्रेनंतर आई मला वाडीवर घेऊन आली. तिथून डॉक्टरांकडे खेपा सुरू झाल्या. आमच्याकडून भोरला जाणारी एसटी सकाळची. रात्रभर झोपून, विश्रांती घेऊन, गाडीत बसून मी डॉक्टरांपुढे जायचे, तेव्हा मी ठणठणीत असायचे. हात वर कर, केले. डोळे उघड, उघडले. बोल, बोलले. एकाने रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या, एकाने चष्म्याचा नंबर काढला, एकाने आईला बाजूला घेऊन विचारलं, घरात काही ताण आहे का, लग्नाचं वगैरे. परतीची गाडी चुकू नये म्हणून आम्ही लगेच निघायचो. घरी पोचेपर्यंत माझी डावी पापणी बुबुळावर आलेली असायची. आई ती बघायची आणि म्हणायची, "ह्ये त्या डॉक्टरला कसं दिसत न्हाई?"

कसं दिसणार. माझा आजार संध्याकाळी यायचा आणि डॉक्टर मला सकाळी भेटायचे. खेळणाऱ्या पोरीची ताकद बघून तर ते अजूनच फसायचे. एकजण माझा दंड दाबून म्हणाले होते, "हिला काय धाड भरलीय?"

मार्ग काढला तो मनीषाने. एका रविवारी ती वाडीवर मुक्कामाला आली. ओट्यावर सूर्य बुडायच्या वेळेला मोबाईल माझ्यासमोर धरला.

"कबड्डी म्हण."

"मनीषा, नको."

"म्हण म्हणते ना. थांबू नको."

मी म्हणत गेले. आधी नीट, मग जड, मग कमन्नी. पापण्या खाली आल्या. मान पुढे झुकली. मला वाटलं ती हसेल. तिने मोबाईल खाली ठेवला आणि पदर नसलेल्या पोरी जसं करतात तसं बाहीने डोळे पुसले.

पुढच्या खेपेला भोरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना आम्ही ते दाखवलं. त्यांनी दोनदा पाहिलं. मग त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि पहिल्यांदाच माझ्याशी बोलले, आईशी नाही. "गिळताना ठसका लागतो?"

"लागतो."

"पुण्याला जायचं. नसांच्या डॉक्टरांकडे. सुगीबिगी काही बघू नका, याच आठवड्यात जा."

बर्फ

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात भाऊ टेम्पोतून घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरमॅडमनी मला काही सांगायच्या आधी छताच्या ट्यूबलाइटकडे बघत राहायला लावलं. बघता बघता पापण्या उतरल्या. हात समोर धरायला लावले, ते थरथरत खाली आले. मग त्यांनी सिस्टरकडून बर्फ मागवला, हातमोज्यात भरला आणि माझ्या डाव्या डोळ्यावर धरला. गार पाणी गालावरून गळ्यात जात होतं. थोड्या वेळाने बर्फ काढला.

आई ओरडलीच, "उगाडला! डोळा उगाडला!"

खरंच पापणी वर गेली होती. आईने मॅडमच्या हाताला हात लावून नमस्कार केला. "बर्फानं बरं हुतंय व्हय मॅडम? मग आमी रोज लावू की."

मॅडमनी आईला बसवलं. त्या म्हणाल्या, "मावशी, हे बरं होणं नाही. हे ओळखणं आहे."

मायस्थेनिया ग्रेव्हिस. कागदावर लिहून दिलं तेव्हा मला तो शब्द वाचता आला, म्हणता आला नाही. मॅडमनी समजावलं ते असं: मेंदू हुकूम देतो, नस तो घेऊन येते, पण स्नायूच्या दारात तो पोचत नाही, कारण माझ्याच शरीराने ते दार बिघडवलंय. पहिले काही निरोप पोचतात, म्हणून सुरुवातीला ताकद असते. जितकं वापराल तितकी ती संपते. थांबलं की परत थोडी येते.

मी विचारलं, "मी परत कधी खेळू?"

त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आधी तुझं गिळणं सांभाळू."

बाहेर आल्यावर भावाने टेम्पोचं दार उघडलं आणि मला आत बसवताना म्हणाला, "फुटली म्हनत व्हते भडवे." आईने त्याला शिवीसाठी टोकलं नाही. मला त्या क्षणी, खोटं कशाला सांगू, आनंद झाला होता. मी नाटक करत नव्हते, एवढंच डोक्यात होतं. आजार किती मोठा आहे ते कळायला पावसाळा यावा लागला.

गोळी

गोळीने जादू केली. घेतली की तासाभरात मी पहिल्यासारखी. काही तासांनी परत उतरण. मी भोरला परत गेले. सरांना कागद दाखवला. त्यांनी वाचल्यासारखं केलं आणि म्हणाले, "म्हणजे गोळी खाल्ली की चालतंय ना? मग सामन्याआधी खायची."

मीही तसंच समजत होते. एक सामना तशी खेळले. चांगली खेळले. त्या संध्याकाळी पोरींनी मला उचललं होतं. तो माझा शेवटचा सामना. तेव्हा कळलं असतं तर जरा सावकाश मैदान सोडलं असतं.

घरी आई आणि भाऊ भांडायचे. आईचं म्हणणं, ऊन-वारा न बघता पळाली म्हणून झालं. भाऊ म्हणायचा, "खेळानं न्हाई झालं आये, डॉक्टर म्हनल्यात." "डॉक्टरला काय म्हायती, म्या बघितलंय, जनावरासारकी पळायची." लावणीसाठी मी सामान घेऊन वाडीवर आले. एक दिवस शेतातून परतले तर माझे बूट, गुडघ्याचे पट्टे, दोन्ही जर्सी आईने शेजारच्या पोरीला देऊन टाकल्या होत्या. मला न विचारता. मी भांडायला तोंड उघडलं, दोन वाक्यांत आवाज नाकात गेला, आणि नाकातल्या आवाजात भांडता येत नाही. समोरचा रडायलाच लागतो.

श्रावणातला ताप

लावणी उरकली होती. मला सर्दी झाली, मग ताप. आमच्याकडे पावसात ते कुणालाही होतं. ताप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईने पेज दिली ती नाकातून बाहेर आली. गोळी पाण्यात विरघळवून दिली, ती पण आली. जी गोळी गिळायची ताकद द्यायची, ती गिळायचीच ताकद राहिली नव्हती.

आडवी झाले की गुदमरायचे. बसले की मान छातीवर पडायची आणि श्वास अडायचा. भावाने मला पाठंगुळी घेऊन रस्त्यापर्यंत आणलं, टेम्पोच्या सीटवर बसवलं आणि टॉवेलने माझं कपाळ सीटच्या पाठीला बांधलं. आई शेजारी बसून दोन्ही हातांनी माझी हनुवटी वर धरून होती. धरणाच्या कडेकडेने गाडी चालली होती, सगळीकडे धुकं. प्रत्येक खड्ड्याला आई म्हणायची, "घे बाय, घे श्वास." जणू मी विसरलेय.

माझी छाती दमली होती. पळून दम लागतो तो वेगळा. त्यात हवा भसाभसा आत येते. इथे हवा हवी असूनही छाती उचलत नव्हती. मी आयुष्यभर दमावर खेळले, पण दम न लागता माणूस मरू शकतो हे मला माहीत नव्हतं.

भोरच्या दवाखान्यात त्यांनी घशात नळी घातली आणि अँब्युलन्सने पुढे पाठवलं. म्हणून मी पुण्याला जिवंत पोचले.

मिटलेले डोळे

यानंतरचं जे लिहिते ते रुग्णाजवळ बसणाऱ्यांसाठी मुद्दाम.

अतिदक्षता विभागात श्वासाचं यंत्र लावलेलं होतं. माझ्या पापण्या मला उघडता येत नव्हत्या. बोटसुद्धा जेमतेम हलायचं. पण मी पूर्ण जागी होते. सगळं ऐकू यायचं. लोकांना वाटायचं मी झोपलेय किंवा बेशुद्ध आहे, आणि ते माझ्या अंगावरून बोलायचे. माझ्या भावाला कुणीतरी माझ्या पायाशी उभं राहून समजावलं की छातीत संसर्ग झालाय, सांगता येत नाही, घरच्यांना बोलावून ठेवा. भाऊ म्हणाला, "घरचे म्हंजे मीच हाय." त्याचा आवाज मी कधी तसा ऐकला नव्हता. मला त्याला सांगायचं होतं की मी ऐकतेय. कसं सांगणार?

एक सिस्टर होती. तिचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही, आवाज मात्र ओळखीचा झाला. ती ड्युटीवर आली की आधी बोटाने माझी एक पापणी वर उचलायची. तिचा चेहरा दिसायचा, पांढरं छत दिसायचं. म्हणायची, "सारिका, सकाळ झाली. बाहेर पाऊस आहे. आता मी तुझा घसा साफ करणार, त्रास होईल." मग पापणी हळूच खाली सोडायची. त्रास व्हायचाच. पण सांगून व्हायचा. तेवढ्यावर मी ते दिवस काढले.

मनीषाला एकदा आत सोडलं. ती काही बोललीच नाही. तिने माझा हात हातात घेतला, जसा आम्ही मैदानात साखळी करताना घ्यायचो. साखळीत उभ्या असलेल्या दोघींना बोलून काही ठरवता येत नाही, चढाई करणारी ऐकते. म्हणून हातातल्या हातात सांगायचं. दोनदा दाबलं की झेप घ्यायची. एकदा दाबलं की थांबायचं, जागा सोडायची नाही.

मनीषाने एकदा दाबलं. थोडं थांबून परत एकदा. मग परत.

मला वाटतं माझं बोट हललं. तिला कळलं की नाही मी अजून विचारलेलं नाही.

ठकूमावशी

गळ्याजवळच्या नळीतून रक्त काढून, गाळून, परत आत सोडायचे. असं बरेचदा केल्यावर मला यंत्रावरून उतरवलं आणि वॉर्डात आणलं. शेजारच्या खाटेवर ठकूमावशी होती. वेल्ह्याच्या वरच्या डोंगरातल्या धनगरवाड्यावरची, माझ्या आईपेक्षा थोडी मोठी. तिलाही हाच आजार. आम्ही दोघी सकाळी गप्पा मारायचो आणि दुपारनंतर एकमेकींकडे तोंड करून गप्प पडायचो.

तिने मला विचारलं, "तुजं कसं कळलं गं?" मी सांगितलं, खेळताना आवाज गेला.

"माजा बी आवाजच ग्येला," ती म्हणाली. "सांजच्याला शेरडं वळवाया हाक मारली, तर यीनात. परत मारली. बघत उभी ऱ्हायली नुसती. माज्या शेरडांनी मला वळखलं न्हाई." ती हसायला गेली आणि तिचेही नुसते दात दिसले. मग आम्ही दोघी तशाच हसलो. वॉर्डातल्या बायका घाबरून बघत होत्या.

तिचे मालक धोंडिबा खाटेपाशी खाली बसून असायचे. त्यांना सगळं औषध समजावून दिलं होतं. वेळेवर गोळी, मॅडमना विचारल्याशिवाय दुसरं औषध नाही, घास अडकायला लागला किंवा श्वास कमी वाटला तर लगेच यायचं. ते मान डोलवायचे. घरी जाताना ठकूमावशीने माझ्या गालावरून हात फिरवला. "वाड्यावर ये. दूध पाजती." मी मोबाईल नंबर मागितला तर म्हणाली, "मोबाईल हाय, पन रेंज टेकडावर हाय."

सर आले

हिवाळ्याच्या तोंडाला माझं छातीचं ऑपरेशन झालं. छातीच्या हाडामागची, या आजाराला खतपाणी घालणारी एक गाठ काढली. गळ्याखालून सरळ खाली शिवण आहे. औषधांनी तोंड गोल सुजलं, अंग फुगलं, ओठांवर लव आली. वाडीवरच्या एका म्हातारीने मला विचारलं होतं, "तू कुणाची गं?"

सर एकदा घरी आले. केळी घेऊन आले होते. आईशी पावसाबद्दल बोलले, भातात काही राहिलं का विचारलं. माझ्या तोंडाकडे बघायचं टाळत होते, भिंतीवर टांगलेल्या बक्षिसाच्या ढालीकडे बघत होते. मग म्हणाले, "पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे."

"हो."

"चढाईला कुणीच नाही गं."

आई चहा ठेवायला आत गेली.

"तुला पोरी माहितीयत," ते म्हणाले. "तुझ्या जागेवर कोण बसेल?"

मला वाटलं होतं ते त्या संध्याकाळबद्दल काहीतरी बोलतील. त्यांना ते आठवत तरी होतं का, मला माहीत नाही. मी विचार केला. खरोखर विचार केला, कारण तो प्रश्न मला येत होता. मी एका पोरीचं नाव सांगितलं. ती उजवीकडून जाते, तिला डावीकडून पाठवा, आणि तिचा दम कमी आहे, तिला सकाळी चढावर पळवा. सर मान डोलवत होते. चहा पिऊन गेले. ती पोरगी आता चांगली खेळते असं मनीषा सांगते.

एक मात्र लिहून ठेवते, सरांवर राग म्हणून नाही. खेळवणाऱ्याने एकच लक्षात ठेवावं. चांगली खेळणारी पोरगी अचानक वाईट खेळायला लागली, तर ती आळशी झाली, घाबरली, फुटली, असं म्हणायच्या आधी तिला जवळ बोलावून नीट बघावं. ती कोणत्या वेळी पडते, तिचं तोंड कसं दिसतं, तिला घास जातो का. आणि खेळणाऱ्या पोरींनी आपलं दुखणं लपवू नये. आम्हाला शिकवलेलंच असतं की सहन करायचं. ज्या जिद्दीवर मी सामने जिंकले त्याच जिद्दीने मी कितीतरी महिने अर्धी भाकरी खाऊन उठत होते.

आता मी खेळत नाही. खेळता येणार नाही, हे मॅडमनी स्पष्ट सांगितलंय. वाडीच्या चढाला तीनदा बसते. म्हशीची धार मला काढवत नाही, बोटं थकतात. पोलिसात भरती व्हायचं होतं, तेही गेलं. रोज थोडंतरी बरं वाटेल असं लोक सांगतात. काही दिवशी वाटतं, बऱ्याच दिवशी नाही.

वेल्ह्याच्या वर

तपासणीला पुण्याला गेले की मी ठकूमावशीला शोधायचे. ती एकदा आली होती, नंतर दोन खेपांना दिसली नाही. होळी झाल्यावर एका सुट्टीच्या दिवशी भावाला म्हणाले, मला वेल्ह्याला ने. तो कुरकुर न करता निघाला. जिथपर्यंत रस्ता होता तिथपर्यंत टेम्पो गेला. पुढे मी बसत, उठत, त्याच्या खांद्याला धरून चढले.

धनगरवाड्यावर पोचेपर्यंत दुपार कलली होती. धोंडिबा बाहेर दोर वळत बसले होते. त्यांनी मला आधी ओळखलं नाही. भावाने सांगितल्यावर उठून घोंगडं अंथरलं.

"मावशी कुठाय?" मी विचारलं.

ते खाली बसले. दोर हातातच होता.

"ग्येली. मार्गशीर्षात."

ते आपणहून सांगायला लागले, जमिनीकडे बघत. "खोकला झालता. दोन दिस हुता. तिसऱ्या दिशी जेवली न्हाई. म्हनली, घास जात न्हाई, पडती जरा. पडली. डोळं मिटलं. म्हनलं दमलीय, निजू द्यावं. निजली म्हनून उठवली न्हाई." त्यांनी दोराला एक पीळ दिला. "समदी आवाज करत हुती, पोरं, शेरडं. म्याच वराडलो, गप ऱ्हावा, निजलीय ती."

भाऊ उठून बाजूला गेला. माझ्या डोळ्यांपुढे त्या सिस्टरचं बोट आलं. मिटलेल्या पापणीमागे ठकूमावशी जागी होती का, तिला पोरांचा आवाज ऐकू येत होता का, आपल्याला कुणी उठवावं म्हणून ती वाट बघत होती का, हे प्रश्न फक्त मलाच पडू शकत होते आणि ते या माणसाला कधीच सांगायचे नव्हते.

"तिला तरास झाला आसंल का?" त्यांनी विचारलं. "तुमाला ठावं आसंल."

"नाही," मी म्हणाले. "झोपच लागते."

माझा 'नाही' नाकातून आला. एवढं चढून आल्यावर व्हायचंच होतं. पापणी उतरायला लागली. समोर धोंडिबा दोन दिसायला लागले. मी मान दुसरीकडे वळवली, पण त्यांनी पाहिलं होतं. ते एकदम उभे राहिले.

"बाय, गोळी कवा घेतलीया?"

"घेते, घरी गेल्यावर..."

"घरी न्हाई. आत्ता. हितं."

त्यांनी आत जाऊन तांब्या आणला. मी पिशवीतून गोळी काढली. ते माझ्यासमोर उकिडवे बसले आणि माझ्या गळ्याकडे बघत राहिले. मी घोट घेतला.

"ग्येली खाली?"

मी मान हलवली.

"तोंड उगडा."

मी तोंड उघडून दाखवलं. त्यांनी वाकून बघितलं, नीट, जिभेखालीसुद्धा. तरी ते उठले नाहीत. माझ्या पापण्या परत वर येईपर्यंत ते तिथेच बसून राहिले.